व्हँकुव्हर कनक्सच्या व्यवस्थापनास खुले पत्र : सायक्लोन टेलर पूर्ण सांगा

प्रति,
व्यवस्थापन, व्हँकुव्हर कनक्स,
व्हँकुव्हर, ब्रिटिश कोलंबिया

विषय : ‘सायक्लोन टेलर’ पुरस्कार देताना त्या खेळाडूची इमिग्रेशन खात्यातली कारकीर्दही सांगण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मोसमभर संघाला ज्याचा सर्वांत जास्त उपयोग झाला त्या खेळाडूला आपण जो पुरस्कार देता, तो शंभर वर्षांपूर्वीचा आइस हॉकीपटू फ्रेड ‘सायक्लोन’ टेलर याच्या नावाचा आहे. ते नाव काढा असं म्हणायला मी हे पत्र लिहीत नाही. नाव राहावं. पण त्या नावाचा माणूस अर्धा नको, पूर्ण सांगितला जावा, एवढीच माझी विनंती आहे. २३ मे १९१४ रोजी ‘कोमागाता मारू’ ही बोट हिंदुस्थानातले ३७६ प्रवासी घेऊन व्हँकुव्हरच्या बुरार्ड खाडीत आली; पुढे कॅनडाने बहुतेकांना उतरू न देता ती परत पाठवली. ती आली तेव्हा तिला सर्वांत आधी सामोरा गेलेला कॅनडाचा इमिग्रेशन अधिकारी म्हणजे आपला सायक्लोन टेलर.

हे मराठीत लिहिण्याचं कारण सांगते. व्हँकुव्हर आणि सरीच्या भागात आता बरीच मराठी कुटुंबं आहेत. आमची मुलं पहाटे पाचला उठून रिंकवर जातात, त्यांच्या अंगात आपल्या संघाच्या जर्सी असतात आणि घरी जेवताना ती आम्हाला ऑफसाइड समजावून सांगतात. या घरांना टेलर कोण होता हे कळलं पाहिजे. इंग्रजी प्रत आपल्याकडे वेगळी पाठवते आहे.

टेलर ओंटारियोतल्या टारा गावी जन्मला आणि लिस्टोवेलमध्ये वाढला. घरची परिस्थिती बेताचीच. वडील शेतीची अवजारं विकत गावोगाव फिरायचे, पोरगा शाळा सोडून पियानोच्या कारखान्यात लागला. बर्फावर मात्र त्याला तोड नव्हती. टोरांटोच्या मार्लबरोज संघाने बोलावलं, तो गेला नाही; म्हणून ओंटारियो हॉकी संघटनेचे सचिव बिली ह्युइट यांनी त्याला प्रांतात कुठेही खेळायला बंदी केली. १९०४-०५ चा त्याचा अख्खा मोसम वाया गेला. खेळाडूने कुठल्या संघाकडून खेळायचं हे संघटनेने ठरवायचं, आणि पैसे तर मुळीच मागायचे नाहीत, असा तो काळ. पैसे घेऊन खेळणारा म्हणजे बाटलेला, अशी तिथल्या बड्या मंडळींची समजूत होती.

मग तो पश्चिमेला मॅनिटोबात गेला आणि तिथून थेट अमेरिकेत, मिशिगनमधल्या हॉटनला. हॉटन म्हणजे तांब्याच्या खाणींचा मुलूख. कॅनडातल्या संघटना पैसे घेणाऱ्याला वाळीत टाकत होत्या, त्याच वेळी या खाणगावांनी १९०४ मध्ये जगातली पहिली उघड व्यावसायिक आइस हॉकी लीग काढली होती. उरलेल्या मोसमासाठी ४०० डॉलर आणि वरखर्च, असं टेलरचं ठरलं. पोर्टेज लेक्स संघाने १९०६ आणि १९०७ अशी लागोपाठ दोन वर्षं लीग जिंकली. नंतर लीगच बंद पडली.

तेव्हाचा खेळ आजच्यासारखा नव्हता, हे आमच्या वाचकांसाठी सांगायला हवं. बर्फावर एका बाजूचे सहा नाही, सात खेळाडू असत. सातवा ‘रोव्हर’, त्याला ठरावीक जागा नाही. बदली खेळाडू जवळजवळ नसायचेच. उतरला तो साठ मिनिटं खेळायचा. आणि सगळ्यांत मोठा फरक म्हणजे पक, म्हणजे चेंडूच्या जागी असते ती चकती, पुढच्या साथीदाराकडे सरकवायला बंदी होती. ज्याच्याकडे पक त्याने तो स्वतः घेऊन, समोरची फळी फोडत जायचं. अशा खेळात वेगाला किती किंमत असेल! टेलर बचावात उभा राहायचा, तिथून पक उचलायचा आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुसाट सुटायचा. थांबणं आणि वळणं यातही तो वाकबगार होता. नुसता सरळ पळणारा माणूस बचावपटूंना सापडतो, हा सापडत नसे.

आता ज्या मुद्द्यासाठी पत्र लिहायला बसले त्याकडे येते. १९०७ च्या अखेरीस ओटावा सेनेटर्सनी टेलरला घेतलं. करार काय होता? मोसमाचे ५०० डॉलर, आणि शिवाय केंद्र सरकारात नोकरी. गृहखात्याच्या इमिग्रेशन शाखेत, महिना ३५ डॉलर पगारावर. आमच्याकडे कबड्डी किंवा कुस्तीतला चांगला गडी हेरून त्याला रेल्वेत नाहीतर पोलिसात चिकटवतात, तसाच हा प्रकार. खेळाडूचं पोट हॉकीवर बारा महिने भरत नाही, बर्फ वितळला की उत्पन्न बंद, हे संघवाल्यांनाही ठाऊक होतं. म्हणून कायमच्या नोकरीचं गाजर. टेलरनेही विचार करूनच ते घेतलं असणार. पियानोच्या कारखान्यात हात काळे केलेल्या माणसाला सरकारी नोकरीची किंमत कुणी सांगायला नको.

म्हणजे टेलर इमिग्रेशन खात्यात गेला तो हॉकीमुळे गेला. खेळ वेगळा आणि नोकरी वेगळी, असं त्याच्या आयुष्यात नाहीच. ओटावाच्या संघाला एक वेगवान बचावपटू हवा होता, त्यासाठी खात्यातली एक खुर्ची देण्यात आली, आणि सात वर्षांनी त्याच खुर्चीवरचा माणूस व्हँकुव्हरच्या खाडीत एका बोटीवर चढला. त्याचं क्रीडाचरित्र लिहिताना ही नोकरी गाळली तर तो व्यावसायिक खेळाडू कसा झाला हेच कळत नाही.

ओटावात त्याने नाव काढलं. गव्हर्नर जनरल अर्ल ग्रे यांनी त्याचा खेळ पाहून त्याला ‘सायक्लोन’ म्हटलं अशी आख्यायिका आहे. १९०९ मध्ये ओटावाने आइस हॉकीतला सर्वांत मानाचा स्टॅन्ली चषक जिंकला. आणि लगेच पुढच्या मोसमात टेलर उठून गेला रेनफ्रूला. ओटावा खोऱ्यातलं हे लहानसं गाव, पण तिथल्या ओब्रायन घराण्याकडे खाणींचा आणि रेल्वेच्या कंत्राटांचा पैसा होता आणि स्टॅन्ली चषक आपल्या गावात यावा अशी जिद्द होती. बारा सामन्यांसाठी टेलरला ५,२५० डॉलर मिळाले असं सांगितलं जातं. त्या काळी बेसबॉलचा सगळ्यात मोठा तारा टाय कॉब दीडशेवर सामने खेळून साधारण साडेसहा हजार घ्यायचा. एका सामन्यामागे हिशोब केला तर टेलरच्या जवळपास कुणी नव्हतं. फ्रँक आणि लेस्टर पॅट्रिक हे भाऊही रेनफ्रूत होते, न्यूझी लालाँदही आला. एवढं करूनही चषक काही मिळाला नाही.

रेनफ्रूची ती गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. ओटावाशी सामना होता. त्याआधी टेलरने बोलता बोलता पैज मारली की, तुमच्या बचावातून मी उलटा स्केटिंग करत जाईन आणि गोल करीन. वर्तमानपत्रात ते छापून आलं आणि ओटावाचे लोक खवळले. आधीच हा आपल्याला सोडून गेलेला, त्यात ही मिजास! पहिल्या सामन्यात, खुद्द ओटावात, त्याला ते जमलं नाही आणि प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. मग ८ मार्च १९१० ला रेनफ्रूमध्ये पुन्हा गाठ पडली. टेलर पक घेऊन निघाला, बचावपटूंजवळ येताच गर्रकन वळला, पाठ गोलाकडे करून काही फूट तसाच मागे सरकत गेला आणि बॅकहँडने पक आत मारला. रेनफ्रू १७-२ ने जिंकलं. नक्की किती फूट उलटा गेला यावर लोक पुढे कित्येक वर्षं वाद घालत राहिले. मला ही गोष्ट मनापासून आवडते, आणि आमच्या मुलांना ती आपल्याकडून ऐकायला मिळावी असंही वाटतं.

रेनफ्रूचा संघ १९११ मध्ये मोडला. टेलरचे हक्क माँट्रियल वाँडरर्सकडे गेले, त्याला जायचं होतं ओटावाला. वाद, निलंबन, आणि पुन्हा एक मोसम जवळजवळ कोरडा. खेळाडूच्या हाती काही नसण्याचा हा दुसरा अनुभव. एव्हाना पॅट्रिक बंधूंनी पश्चिम किनाऱ्यावर स्वतःची लीग काढली होती. व्हँकुव्हरला जॉर्जिया आणि डेन्मन रस्त्यांच्या कोपऱ्यावर, कोल हार्बरला लागून, त्यांनी कृत्रिम बर्फाचं भलं मोठं डेन्मन अरीना बांधलं. १९१२ च्या अखेरीस टेलर तिथे व्हँकुव्हर मिलियनेअर्सकडे आला, १,८०० डॉलर मोसमाला. आणि सरकारी नोकरीची बदलीही त्याच शहरात झाली. खेळ आणि नोकरी पुन्हा हातात हात घालून आली.

१९१४ चा मार्च. टेलरचं ओटावातल्या थर्झा कुकशी लग्न झालं, त्या मोसमात लीगमध्ये सर्वाधिक गुणही त्याचेच. पुढच्याच महिन्यात, ४ एप्रिलला, बाबा गुरदित सिंग यांनी भाड्याने घेतलेली कोमागाता मारू हाँगकाँगहून निघाली. बोटीवर ३४० शीख, २४ मुसलमान आणि १२ हिंदू. सगळेच्या सगळे ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन, म्हणजे कागदोपत्री टेलरच्याच राजाची रयत. कॅनडाचा नियम असा की, आपल्या देशातून निघून कुठेही न थांबता सलग प्रवासाने यायला हवं, आणि आशियातून येणाऱ्याच्या खिशात माणशी २०० डॉलर हवेत. हिंदुस्थानातून कॅनडाला थेट तिकीट देणारी बोट सरकारनेच राहू दिली नव्हती. आणि २०० डॉलर म्हणजे किती? टेलरला ओटावात खात्यात घेतलं तेव्हाच्या पगाराने मोजलं तर जवळजवळ सहा महिन्यांची कमाई.

बोट धक्क्याला लागू दिली नाही. किनाऱ्यापासून दूर, पाण्यात उभी ठेवली. आधी कॅनडात राहून गेलेल्या वीसेक जणांना उतरू दिलं, बाकीचे दोन महिने तसेच. पिण्याच्या पाण्याचे हाल, खाण्याचे हाल, समोर शहर दिसतंय आणि पाऊल ठेवता येत नाही. किनाऱ्यावरच्या हिंदी लोकांनी, मुख्यतः शीखांनी, स्वतःच्या मजुरीतून पैसे काढून बोटीचं भाडं भरलं आणि वकील दिला. मुन्शी सिंग या प्रवाशाच्या नावाने खटला चालला, ६ जुलैला अपील कोर्टाने तो फेटाळला. १९ जुलैच्या रात्री ‘सी लायन’ ही टगबोट पोलीस आणि इमिग्रेशनची माणसं घेऊन बोटीला भिडली, तेव्हा प्रवाशांनी वरून कोळशाची ढेकळं आणि विटा फेकून तिला परतवलं. मग ‘रेनबो’ ही लढाऊ नौका आणली. २३ जुलैला कोमागाता मारू परत फिरली. २९ सप्टेंबरला कोलकात्याजवळ बजबज इथे ब्रिटिश पोलीस आणि सैनिकांनी प्रवाशांवर गोळ्या झाडल्या, वीसेक माणसं मेली.

यावर एक उत्तर मला माहीत आहे, कारण ते मी घरातच ऐकलं आहे : टेलर हुकमाचा ताबेदार होता, त्याचा काय दोष? हे मला मान्य आहे. नियम त्याने केले नाहीत. व्हँकुव्हरच्या कार्यालयात निर्णय घेणारे माल्कम रीड होते, त्यांच्या पाठीशी खासदार एच. एच. स्टीव्हन्स होते, आणि या सगळ्यांच्या वर ओटावातलं सरकार. टेलरला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करा असं मी म्हणतच नाही. पण त्याची खात्यातली नोकरी म्हणजे दोन दिवसांची पाहुणी नव्हती. बर्फावर तो सोळा-सतरा वर्षं होता, खात्यात चाळीसहून अधिक. चढत चढत तो ब्रिटिश कोलंबिया आणि युकॉनचा इमिग्रेशन आयुक्त झाला, १९५० मध्ये निवृत्त झाला. १९४६ मध्ये त्याला ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायरचा मान मिळाला तो हॉकीसाठी नव्हे, इमिग्रेशनच्या सेवेसाठी. हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव गेलं ते त्यानंतर वर्षभराने. ज्या कामाचा त्या काळच्या राज्यकर्त्यांनी गौरव केला ते काम आपण आज सांगायचंच नाही, याला काय अर्थ आहे?

आणि काळाची गुंफणही पाहा. बोट गेली जुलैमध्ये. हिवाळ्यात टेलर पुन्हा बर्फावर उतरला आणि १९१४-१५ च्या मोसमात १६ सामन्यांत त्याने २३ गोल केले. त्या मोसमाच्या मध्यावर, ११ जानेवारी १९१५ ला, शेजारच्या न्यू वेस्टमिन्स्टरमध्ये मेवा सिंग यांना फाशी झाली. त्यांनी ज्यांना गोळी घातली ते विल्यम हॉपकिन्सन टेलरच्याच इमिग्रेशन खात्यातले निरीक्षक. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात डेन्मन अरीनात मिलियनेअर्सनी ओटावाला ६-२, ८-३ आणि १२-३ असं लोळवून स्टॅन्ली चषक जिंकला. व्हँकुव्हरकडे हा चषक आला तो तेव्हाचाच, त्यानंतर नाही. नेमक्या त्याच आठवड्यात मेरठच्या छावणीत बाँबसह पकडले गेले विष्णू गणेश पिंगळे. पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेरेचा हा तरुण, व्हँकुव्हरहून काही तासांवर असलेल्या सिअॅटलच्या विद्यापीठात शिकलेला, ब्रिटिश राज्य उलथवू पाहणाऱ्या गदर पक्षात सामील होऊन हिंदुस्थानात परत गेलेला. कोमागाता मारूला जे भोगावं लागलं त्याने पश्चिम किनाऱ्यावरच्या गदरवाल्यांची आग किती भडकली हे इतिहासात नोंदलेलं आहे. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभा आणि इतर साथीदारांबरोबर पिंगळेंना फाशी देण्यात आली. आमच्यापैकी कित्येकांनी त्यांचं नाव शाळेतल्या धड्याबाहेर ऐकलेलंही नसेल. मला स्वतःला या दोन गोष्टींचं नातं कळलं तेव्हा टेलरचं नाव असलेला तो पुरस्कार माझ्यासाठी अधिक जवळचा झाला, लांबचा नाही.

कारण या खेळात आता आम्हीही आहोत. इथल्याच डंकनला जन्मलेला रॉबिन बावा १९८९ मध्ये एनएचएलमध्ये, म्हणजे आपला संघ जिच्यात खेळतो त्या नॅशनल हॉकी लीगमध्ये, खेळलेला भारतीय वंशाचा पहिला खेळाडू, आणि तो आपल्या संघाकडूनही खेळला. सरीचा अर्शदीप बेन्स २०२४ मध्ये आपल्याच जर्सीत बर्फावर उतरला. शनिवारी रात्री हॉकीचं समालोचन पंजाबीत ऐकायला मिळतं. उद्या यातला कुणी मोसमातला सर्वोत्तम ठरला आणि टेलरच्या नावाचा पुरस्कार त्याच्या हातात आला, तर त्या वेळी प्रेक्षकांना १९१४ माहीत असलेलं बरं की नसलेलं? माझ्या मते माहीत असलेलं, आणि ते संघानेच सांगितलेलं. बाहेरून कुणीतरी उकरून काढलं की तीच गोष्ट भांडण होऊन बसते.

ब्रिटिश कोलंबियाच्या विधिमंडळाने २००८ मध्ये माफी मागितली. १८ मे २०१६ रोजी पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी संसदेत मागितली. कोल हार्बरच्या काठावर कोमागाता मारूचं स्मारक आहे. जिथे डेन्मन अरीना उभं होतं तिथून ते चालत वीसेक मिनिटांवर. अरीना १९३६ मध्ये जळून गेलं. सरकारने आपलं काम केलं आहे, शहरानेही केलं आहे. आपल्यावर माफीचं ओझं नाही, आपला संघ तेव्हा नव्हताच. आपल्याकडे फक्त नाव आहे.

म्हणून नेमकं काय करावं तेही लिहिते. पुरस्कार देताना टेलरची जी ओळख करून दिली जाईल तिच्यात रेनफ्रूचा उलटा गोल, १९१७-१८ च्या मोसमातले १८ सामन्यांतले ३२ गोल आणि १९१५ चा चषक जरूर असावेत, आणि त्याच परिच्छेदात, वेगळ्या चौकटीत नव्हे, असंही असावं : ‘हॉकीसाठी मिळालेल्या इमिग्रेशन खात्यातल्या नोकरीत तो चाळीसहून अधिक वर्षं राहिला, मे १९१४ मध्ये कोमागाता मारूवर चढलेला तो पहिला कॅनडियन अधिकारी होता.’ हाच मजकूर अरीनात एका फलकावर लावता येईल, इंग्रजीबरोबर पंजाबीतही. लिहिण्याआधी बोटीवरच्या प्रवाशांच्या वंशजांना आणि व्हँकुव्हरच्या खालसा दिवाण सोसायटी या शिखांच्या संस्थेला विचारावं. त्या वेळी बोटीचं भाडं भरायला हीच मंडळी धावली होती, तेव्हा शब्द कसे असावेत यावर त्यांचा हक्क आधी. टेलरच्या घरच्यांशीही बोलावं. त्यांना हे वर्तमानपत्रातून कळू नये.

मराठी मजकूर लागला तर तो लिहून देण्याची आणि इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या पालकांपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी आम्ही काही जण आनंदाने घेऊ. पुढचा मोसम सुरू होण्याआधी आपला निर्णय कळवावा, ही विनंती.

आपली,
सरी, ब्रिटिश कोलंबिया इथली एक मराठी हॉकीपालक